डायरीचा फायदा पहिल्या वर्षात शोधू नका

प्रश्न असा आहे: "दर जानेवारीत डायरी सुरू करते आणि फेब्रुवारीत बंद पडते. लिहिलं की मन मोकळं होतं म्हणतात. मला मात्र चार दिवसांनी तेच तेच लिहितेय असं वाटायला लागतं. वर्षानुवर्षं लिहिणाऱ्यांना यातून खरंच काही मिळतं, की ती नुसती सवय असते? आणि घरात कोणी वाचली तर काय करायचं?"

मिळतं. पण बहुतेक लोक ज्यासाठी डायरी सुरू करतात ते नव्हे, आणि लवकर तर मुळीच नाही. मी 1989 पासून लिहिते आहे. साताऱ्यात एका बँकेत नोकरी केली, आता निवृत्त आहे. कधी पानभर लिहिलं, कधी दीड ओळ. एवढ्या वर्षांनी माझं मत पक्कं झालंय की डायरीचा मोठा फायदा लिहिताना होत नाही, पाच-दहा वर्षांनी पानं उलटताना होतो. आणि तेव्हा कामाला येतात त्या मन ओतून लिहिलेल्या पानांपेक्षा रटाळ नोंदी. "पाणी आलं नाही. शाखेत ऑडिट. डोकं. सासूबाईंनी आज वार कोणता म्हणून दोनदा विचारलं." तुमचं 'तेच तेच' याच जातीचं असेल तर ते चांगलं लक्षण आहे.

वरच्या ओळीतलं 'डोकं' म्हणजे अर्धशिशी. मला ती तरुणपणापासून आहे. डॉक्टर विचारायचे, कधी होतं? मी म्हणायचे, केव्हाही होतं. मला खरंच तसं वाटायचं. एकदा सुट्टीत दोन वर्षांच्या डायऱ्या घेऊन बसले आणि जिथे जिथे 'डोकं' लिहिलं होतं त्या तारखा एका कागदावर उतरवल्या. तारखांत काही मेळ लागेना. महिन्याची सुरुवात नाही, शेवट नाही, ठरावीक वार नाही. मग शेजारी जुनं कालनिर्णय ठेवून प्रत्येक तारखेपुढे तिथी लिहिली आणि चित्र एकदम स्पष्ट झालं. सगळ्यात वाईट दुखण्या कृष्ण चतुर्थीच्या संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. मी संकष्टी करायचे. दिवसभर काउंटरवर गर्दी, पोटात फक्त चहा, आणि चंद्रोदय कधी नऊला, कधी साडेनऊच्याही पुढे. उपाशी राहिल्याने अर्धशिशी उठते हे डॉक्टरांना काही नवीन नव्हतं, पण उपवासाचं मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं, कारण माझ्या डोक्यात तो आजाराचा भाग नव्हताच. संकष्टी मी सोडली नाही, दुपारचा फराळ वेळेवर करायला लागले. दुखणं पूर्ण गेलं असं नाही. उरलेल्यातल्या बऱ्याचशा तारखा मार्चअखेरच्या होत्या आणि त्यावर बँकेत उपाय नसतो.

यात लक्षात घेण्यासारखं हे, की त्या दोन वर्षांच्या पानांत शहाणपणाचं एकही वाक्य नव्हतं. एकच शब्द, पण त्या त्या दिवशी लिहिलेला. मी आत्मचिंतन करत बसले असते तर 'माझ्या डोकेदुखीचं मूळ ताणात आहे' असं काहीतरी भारदस्त लिहून मोकळी झाले असते.

सासूबाईंच्या बाबतीत हाच रटाळपणा जास्त उपयोगी पडला. त्यांना शेवटच्या काही वर्षांत स्मृतिभ्रंश झाला. असा आजार घरातल्यांना कळतो तेव्हा तो आधीच बराच पुढे गेलेला असतो, आणि डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, "कधीपासून?" आमच्या घरात याची तीन उत्तरं होती. यांचं म्हणणं, सहा महिने. जाऊबाई म्हणाल्या, दिवाळीपासून. डायरीत पाहिलं तर वार दोनदा विचारल्याची पहिली नोंद जवळजवळ अडीच वर्षं जुनी होती. तेव्हा ती मी आजाराची खूण म्हणून लिहिली नव्हती, आम्ही त्यावर हसलो होतो म्हणून लिहिली होती. पुढे रोज दोन ओळी ठेवल्या: झोप किती, जेवण काय, अस्वस्थ कधी. संध्याकाळ झाली की त्यांची घालमेल वाढायची, "मला घरी सोडा" सुरू व्हायचं. या आजारात असं बऱ्याच जणांचं होतं हे नंतर कळलं. पण एक नवी गोळी सुरू झाल्यापासून ते दुपारीच सुरू झालंय, हे कुणी सांगितलं नाही, नोंदींवरून दिसलं. डॉक्टरांनी वही स्वतः वाचायला मागितली आणि गोळीची वेळ बदलली. घरात म्हाताऱ्या माणसाची सेवा करणाऱ्या कुणालाही मी दुसरं काही न सांगता एवढंच सांगेन, रोज दोन ओळी लिहा. सेवा करणारा माणूस इतका थकलेला असतो की त्याला कालचंसुद्धा धड आठवत नाही.

आता मनाबद्दल. नोकरीच्या मध्यावर मला बढती आली होती, पण बदली दुसऱ्या तालुक्याला. मी नाही म्हटलं. नंतर माझ्यामागून लागलेली माणसं वरच्या खुर्चीवर बसली आणि मला वाटायला लागलं की मी उगाच घाबरले, घरच्यांपुढे झुकले. हे म्हणणं मी स्वतःला बरीच वर्षं ऐकवलं आणि ते ऐकवत गेल्याने पक्कं होत गेलं. एका पावसाळ्यात त्या वर्षाची वही काढली. त्या दोन महिन्यांत मुलाची दहावी होती, सासरे घसरून पडून खाटेवर होते आणि रोजचा प्रवास चार तासांचा होणार होता. घरच्यांनी आग्रह केल्याची नोंद होती, पण ती "जा" असा आग्रह केल्याची. नकार माझा होता, आणि त्याची कारणं मी एका पानावर आकडे मांडून लिहिली होती. पगारातली वाढ वजा प्रवास वजा सासऱ्यांसाठी बाई, बाकी जवळजवळ शून्य. त्या वेळच्या मला मी इतकी वर्षं विनाकारण दोष देत होते. या एका गोष्टीसाठीसुद्धा मी तीस वर्षांच्या वह्या सांभाळल्या असत्या. आपल्यातल्या कित्येकांची निम्मी हळहळ अशीच असते. परिस्थिती विसरली जाते आणि निर्णय तेवढा लक्षात राहतो.

उलटही होतं. एकाच माणसाबद्दलची एकच तक्रार सलग वर्षानुवर्षं वाचायला मिळते आणि मग तो माणूस बदलेल या आशेला काही अर्थ उरत नाही. कोण ते सांगत नाही, नात्यातलं आहे. फक्त एवढं की तिसऱ्या वहीत तेच वाक्य वाचल्यावर मी त्यांच्याकडे गणपतीला मुक्कामाला जाणं बंद केलं, आरतीला जाऊन परत यायला लागले. संबंध सुधारले.

आठवण किती बेभरवशाची असते यावर शास्त्रज्ञांनी बराच अभ्यास केला आहे. अमेरिकेचं चॅलेंजर यान 28 जानेवारी 1986 ला आकाशात फुटलं, तेव्हा उल्रिक नाईसर या मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की ही बातमी तुम्हाला कुठे, कोणाकडून, काय करत असताना कळली. सुमारे अडीच-तीन वर्षांनी त्यांच्यापैकीच काहींना तेच पुन्हा विचारलं. कित्येकांची उत्तरं आधीच्या उत्तरांशी जुळेनात, पण सांगताना खात्री मात्र पुरेपूर. त्यांचाच जुना कागद दाखवल्यावरही मूळ आठवण परत आली नाही.

हे वाचून मला आश्चर्य वाटलं नाही, कारण आमच्या घरी हा प्रयोग होऊन गेला होता. सासरचं गाव पाटण तालुक्यात. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप तिकडच्या प्रत्येक घरात सांगितला जातो, आमच्याकडेही. मोठ्या वन्सं नेहमी सांगायच्या की आजीने त्यांना कडेवर घेऊन अंगणात धाव घेतली. सासरे जुन्या पिढीतले, मोडीत लिहायचे. खर्चाच्या चोपडीतच अधूनमधून एखादी ओळ. त्यांच्यामागे मोडी वाचणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांकडून त्या चोपड्या वाचून घेतल्या. त्या दिवसाची नोंद होती: मोठा भूकंप, सर्व अंगणात, उत्तरेची भिंत गेली, बैल सुखरूप, आई कराडास. आजी तेव्हा लेकीकडे होती! वन्संना दाखवलं तर म्हणाल्या, "अण्णांनी चुकीचं लिहिलं असेल."

आपलं डोकं म्हणजे बखरकार. बखर रसाळ असते, तिच्यात शूर माणसं वेळेवर हजर होतात आणि ती वाचावीशी वाटते. तारीख मात्र तिला विचारू नये. शिवाजी महाराजांच्या जन्माचं वर्ष बखरींवरून बराच काळ 1627 धरलं जात होतं. जेधे घराण्यातली शकावली, म्हणजे घटनांची सालवार यादी, लोकमान्य टिळकांनी 1916 मध्ये उजेडात आणली, तीत शके 1551 फाल्गुन वद्य तृतीया अशी कोरडी नोंद मिळाली. पुढे इतर पुरावे जुळत गेले आणि 2001 साली राज्य सरकारने 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख स्वीकारली. शकावलीत वर्णन नाही, अलंकार नाहीत. म्हणूनच तिच्यावर भिस्त ठेवता येते.

तर मग मन मोकळं करण्याचं काय? ते खोटं नाही. जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या क्लेशकारक प्रसंगाबद्दल लिहायला लावलं होतं. ज्यांनी घडलेलं आणि वाटलेलं दोन्ही लिहिलं, त्यांना लिहून झाल्याझाल्या उलट जास्त वाईट वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. यावर नंतर खूप अभ्यास झाले. 2006 मध्ये त्यांतले 146 एकत्र करून पाहिले तेव्हा फायदा आहे, पण सरासरीने लहान आहे असं निघालं. आणि हे लेखन चार दिवसांचं होतं बरं का, चाळीस वर्षांचं नव्हे. माझाही अनुभव असाच. मोठं काही घडलं की तीन-चार दिवस भरभरून लिहावं आणि थांबावं. त्याच दुःखाची रोज उजळणी केली तर डायरी औषध राहत नाही, खाज होते. ज्या वर्षी माझे वडील गेले त्या वर्षीची वही मला आजही वाचवत नाही. दुःखामुळे नव्हे, त्यात मी महिनोन् महिने एकच वाक्य फिरवून फिरवून लिहिलंय म्हणून. वडील आजारपणात काय बोलायचे, काय खायला मागायचे, हे त्यात जवळजवळ नाही. तेच हवं होतं.

म्हणून फेब्रुवारीत बंद पडणाऱ्यांना माझा पहिला सल्ला, विमा कंपनीची किंवा बँकेची छापील तारखांची डायरी वापरू नका. एका दिवसाला एक पान दिलेलं असतं. थोडं लिहिलं तर उरलेलं पान खायला उठतं, चार दिवस चुकले तर चार कोरी पानं. दोनशे पानी लाँगबुक घ्या, तारीख हाताने घाला, जेवढं सुचेल तेवढं लिहून खाली रेघ मारा. दिवस चुकला तर मागचं आठवून भरू नका, पुढे चला. भरायचंच असेल तर 'उशिरा लिहिलं' एवढं टाका, नाहीतर ती पुन्हा बखरच.

काय लिहायचं, तर कोण भेटलं, कुठे गेलो, काय झालं, अंग कसं होतं. विलेम वागेनार नावाच्या डच मानसशास्त्रज्ञाने सहा वर्षं रोज घडलेलं काय, कोण, कुठे, कधी अशा तुकड्यांत लिहून ठेवलं, सुमारे 2,400 प्रसंग, आणि नंतर स्वतःचीच परीक्षा घेतली. 'काय' वरून प्रसंग सगळ्यात चांगला आठवायचा. नुसत्या 'कधी' वरून जवळपास काहीच नाही. म्हणजे डायरी लावलेली असते तारखेने आणि आपल्याला आठवत असतो माणूस किंवा प्रसंग. बँकेत याला उपाय जुनाच आहे. कीर्द रोजची, तारीखवार, आणि तिच्यावरून खतावणी नावानिशी. मी वहीच्या शेवटच्या चार पानांवर खतावणी घालते: डोकं, सासूबाई, मुलगा, घराची दुरुस्ती, उसने दिले-घेतले, आणि पुढे तारखा. डिसेंबरात एक दुपार जाते. पण मागे कधी नळवाल्याला किती दिले होते हे दोन मिनिटांत सापडतं, आणि नळवाला आता मला दबकून असतो.

एक गोष्ट मात्र वरच्या चारांत बसत नाही: दिवसभरात कुणीतरी बोललेलं एक वाक्य, जसंच्या तसं. त्यात सुधारणा करायची नाही, शुद्ध करायचं नाही. मुलगा तीन वर्षांचा असताना काय बोलायचा हे आपल्याला कायम लक्षात राहील असं वाटतं, पण राहत नाही. आई लोणच्याला मीठ मुठीने टाकायची. एका मे महिन्यात मी तिच्या मुठी वाटीत ओतून मोजल्या आणि लिहिल्या, शेजारी तिचं म्हणणं: "मोजून घालशील तर मोजूनच चव येईल." प्रमाण बरोबर आहे. चव तिच्या म्हणण्याप्रमाणेच येते.

लिहायची वेळ रात्री जेवणं आवरल्यावर. दहा मिनिटं. झोपण्याआधी उद्याची कामंही तिथेच टाकते, डोक्यात घोळत बसत नाहीत. लगेच मागे वळून वाचू नका. मी निदान वर्षभर वही उघडत नाही, कारण कालचं वाचलं की माणूस उद्यासाठी लिहायला लागतो, जरा नटून. वाचायचं पावसाळ्यात, सलग, एक अख्खं वर्ष.

टिकवण्याबद्दल थोडक्यात. बॉलपेनच वापरा, जेलची शाई ओल लागली की पसरते. बिलं चिकटवू नका, मशीनवरची छपाई दोन-तीन वर्षांत उडते, आकडा हाताने उतरवा. वह्या भिंतीला टेकून ठेवू नका, वाळवी तिथूनच येते. पत्र्याची ट्रंक, डांबरगोळ्या, आणि दसऱ्याच्या साफसफाईत एक दिवस सावलीत वारा. फोनवर लिहीत असाल तर जरूर लिहा, पण वर्षाकाठी छापून घ्या. अॅप आज आहे, उद्या नाही, आणि पासवर्ड तर आपल्या आधी जातो.

राहिलं कोणी वाचण्याचं. यांना माझ्या वह्या कुठे आहेत ते पहिल्यापासून माहीत आहे आणि त्यांनी कधी उघडल्या नाहीत, असं ते म्हणतात. तुमच्या घरी तशी खात्री नसेल तर रागाची पानं सुट्या कागदावर लिहा आणि फाडून टाका. वहीत फक्त 'आज भांडण' एवढं राहू द्या, तारखेसाठी तेवढं पुरतं. वही लपवण्यापेक्षा ती कंटाळवाणी ठेवणं जास्त सुरक्षित. पहिल्या दोन पानांवर दूध, गॅस आणि पाण्याच्या टँकरचा हिशेब दिसला की चोरून वाचणारा तिसरं पान उलटत नाही. आपल्यामागे काय, हेही एकदा ठरवावं. मी मुलीला सांगून ठेवलंय की सगळ्या वह्या तुझ्या, फक्त लाल दोरा बांधलेल्या दोन न उघडता रद्दीत द्यायच्या. ती म्हणाली, "आई, रद्दीवाल्याला मराठी वाचता येतं." तेव्हा त्या दोन मीच मे महिन्यात गावी घेऊन जाणार आहे. तिथे अजून बंब आहे.